फेरीला तीस लिटर

२ जुलै, बुधवार. देवास

आजपासून मोजायचं ठरवलं, म्हणून आजपासून लिहायचंही ठरवलं. कॉलेजात फिजिक्स शिकवत होते तेव्हा मुलांना सांगायचे, प्रयोगाची वही त्याच दिवशी लिहा, मागाहून आठवून लिहिलेलं अर्धं खोटं असतं. चिऊने विचारलं, "आई, इसमें मेरे बारे में भी लिहिणार?" लिहिलं तरी तिला वाचता कुठे येणार आहे. घडाघडा मराठी बोलते, पण हाताने लिहिलेलं मराठी दोन ओळींपुढे जात नाही. वही टेबलावर उघडी राहिली तरी चालेल.

आमच्या सोयाबड्या आणि सत्तू धार जिल्ह्यातल्या मुलींच्या सात वसतिगृहांना जातात. चार धारच्या आसपास, तीन घाट उतरून निमाडात. शेवटचं निसरपुरला, तिथे एकशेचाळीस मुली आहेत. बुधवारी आणि शनिवारी फेरी. डिझेल वसतिगृहं चालवणाऱ्या संस्थेचं. संस्थेचे सचिव नारायणराव परवा म्हणाले, "फेरीला तीस लिटर, विद्युल्लताबाई. ऑगस्टअखेरपर्यंत बसवून दाखवा, नाहीतर घाटाखालची तिन्ही बंद." तसं झालं तर माझ्या शेडमधल्या बायकांचं काम निम्मं होईल आणि आमचा ड्रायव्हर गणोजी याला आठवड्यातले दोन अर्धे दिवसच काम उरेल.

गणोजी आज सकाळी पिकअपची टाकी गळ्यापर्यंत भरून निघाला, ४१८ किलोमीटर करून आला आणि त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरली. ३६.२ लिटर लागलं.

सहा लिटर कुठून काढायचे?

४ जुलै, शुक्रवार

सूचनांचा कागद केला. टायरची हवा दर फेरीआधी, थंड असताना. वेग पंचावन्नच्या वर नाही. उभ्या गाडीचं इंजिन बंद. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, कुणाचाही, माझाही. अशा नऊ सूचना झाल्या.

खरं तर दहा होत्या. चौथी होती, 'उतारावर न्यूट्रल करायची नाही, इंजिन बंद करायचं नाही.' लिहिली आणि खोडली. गणोजी अठरा वर्षं गाडी चालवतो आहे. त्याचे आजोबा दरबारची मोटार चालवत. अशा माणसाला हे लिहून देणं म्हणजे जेवायला बसलेल्याला घास चावून खा म्हणण्यासारखं. कागद पुन्हा सुवाच्य लिहिला, खाडाखोड दिसू नये म्हणून.

त्याने कागद वरून खाली पाहिला. "नऊ कलमं! ताई, हे संविधान आहे की काय? मला हिंदीची सवय, एवढं मराठी वाचेपर्यंत धार येऊन जाईल. तुम्ही आकडा सांगा, आकडा. मी आकडा पकडतो."

म्हणून शेडच्या दारात फळा लावला. दर फेरीनंतर आकडा लिहीन.

१२ जुलै, शनिवार

३३.१.

टपावरचा लोखंडी सांगाडा काढून टाकला. हवेचा फिल्टर बदलला. ताडपत्री ताणून बांधतो आता, पूर्वी ती वाऱ्याने शिडासारखी फुगायची. गणोजीची एकच तक्रार. "ताई, पंचावन्नने चाललो की ट्रॅक्टरवाले हॉर्न मारतात. आज एकाने खिडकीतून विचारलं, भिया, वरात आहे का?"

तीन लिटर गेले. वाटलं होतं त्याहून सोपं आहे.

१९ जुलै, शनिवार

सोपं नाही. बुधवारी ३२.७, आज ३२.६. जे जे पुस्तकात होतं ते सगळं करून झालं. नारायणरावांचा फोन आला. "आकडा काय म्हणतो?" सांगितला. ते म्हणाले, "हं."

लिहायला लाज वाटते, पण लिहिते. आज गणोजी टाकी भरत होता तेव्हा मी पंपावर जाऊन उभी राहिले. उगाच. डिझेल वाटेत कुठे जात नाही ना, असं मनात आलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, नोजल बाहेर काढून शेवटचा थेंबही टाकीत झटकला. त्याला कळलं असेल का? त्याच्यासारख्या घरात असं कळलेलं बोलून दाखवत नाहीत. त्याने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

२० जुलै, रविवार

कालचं मनातून जाईना म्हणून गणोजीला चहाला बोलावलं. अण्णा (माझे सासरे) त्याला पाहून खुलतात. अण्णांचे वडील देवासच्या दोन गाद्यांपैकी धाकट्या पातीच्या दरबारात कारकून होते, आणि गणोजीचे आजोबा शिवाजीराव तिथेच मोटार चालवत. माझा नवरा अजेय भोपाळला असतो, घरात अण्णांचं जुनं ऐकणारं कुणी नाही. गणोजी ऐकतो.

अण्णा म्हणाले, "सूनबाई, ह्याच्या आजोबांस मी पाहिले आहे. लढाईच्या काळात पेट्रोल मोजून मिळे. शिवाजीराव काय करीत, टेकडीचा उतार लागला की इंजिन बंद! मोटार अशी नि:शब्द उतरे की सरकारांच्या कपातला चहा हलत नसे. मी सहा वर्षांचा होतो, मला बसवले होते एकदा. वाऱ्याखेरीज आवाज नाही."

"आजी सांगायची," गणोजी म्हणाला. "म्हणायची, चालवतात सगळेच, उतरवायला हात लागतो."

"तसा हात आता कोणाचा राहिला नाही," अण्णा म्हणाले.

गणोजी हसला. फार छान गेली संध्याकाळ. माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

२६ जुलै, शनिवार

३१.०!

दोनदा भागाकार केला, पंपाची पावती दोनदा पाहिली. गणोजीला विचारलं, काय केलंस? "काही नाही ताई, हात बसला गाडीवर." हवेचा दाब दोन पौंडांनी वाढवला होता त्याचा हा परिणाम असणार. पण एकदम दीड लिटर? एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी होती, म्हणजे कारण कळलं असतं. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी गुण कापले असते.

आकडा लिहिताना हाताला लाल खडू लागला. लालच राहू दिला.

३० जुलै, बुधवार

३०.३. लाल खडू.

परत आल्यावर गणोजी शेडच्या पायरीवर चहा घेत बसला. म्हणाला, "ताई, घाटात मोर फार झालेत यंदा. सगळा घाटभर ओरडतात. एक तर असा जवळून, जणू शेजारच्या सीटवर बसलाय." मी हसले. म्हटलं, छान. खरंच छान वाटलं. अठरा वर्षं त्या घाटातून जाणाऱ्या माणसाला आता मोर ऐकू येतात, म्हणजे घाई कमी झाली. पंचावन्नच्या वेगाचा हा फायदा माझ्या कागदात नव्हता.

६ ऑगस्ट, बुधवार

३०.१. एक पेलाभर राहिलं.

गणोजी उजवा पाय ओढत होता. पोटरी भरून येते म्हणे, आणि खांदे. गेले दोन आठवडे. "ब्रेकचं पेडल जरा दगडासारखं लागतं कधी कधी," म्हणाला. सीट खाली खचली असेल, बसण्याचा कोन चुकत असेल. मी जाड उशी शिवून दिली आणि मलम दिलं. रविवारी गाडी राजवीरच्या गॅरेजला दाखवायला सांगितली.

मी त्याला फार ताणते आहे का? विचारलं तसं. तो म्हणाला, "ताई, लाल अक्षर बघितलं ना, की थकवा जातो."

१० ऑगस्ट, रविवार

राजवीरचा फोन. "मॅडम, ब्रेक के लायनर पूरे घिस गए. छह महीने चलने थे, डेढ़ महीने में गए. गाडी में सामान ज़्यादा भरते हो क्या?" नाही भरत, प्रत्येक पोतं मी वजन करून चढवते. मग लायनर हलक्या प्रतीचे असतील, तो म्हणाला. नवे टाकायला सांगितले. पेडल जड का लागतं ते त्याने पाहिलं, इंजिन चालू करून चार वेळा दाबलं, अगदी मऊ. "कुछ नहीं है, गणोजी भिया का वहम है."

चला, निदान ब्रेक तरी नवे झाले.

१३ ऑगस्ट, बुधवार

२९.४.

पेढे आणले. फळ्यावर एवढा मोठा आकडा काढला की रस्त्यावरून दिसेल. बायकांनी टाळ्या वाजवल्या, गणोजी मान खाली घालून उभा राहिला, नव्या नवरदेवासारखा. नारायणरावांना कळवलं. ते चक्क "वा" म्हणाले. निसरपुरच्या वॉर्डनबाईंनाही फोन केला. मागे मुलींच्या आवाजाचा गलका ऐकू येत होता.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

अण्णांनी हट्ट धरला आहे. उद्या गणोजीबरोबर निसरपुरास जायचं. तरुणपणी तिथे ओव्हरसियर होते. त्यांचं जुनं निसरपूर धरणाच्या पाण्याखाली गेलं, म्हटलं तिथे पाहायला काय आहे? "पाणी आहे की," म्हणाले.

वय सत्त्याऐंशी. पण गणोजी म्हणाला, "मी नेतो ताई, फुलासारखे." ठीक आहे.

सामान काय घेतलं असेल? थर्मास, आणि आजेसासूबाईंच्या सेटमधली कपबशी, रुमालात गुंडाळून. म्हटलं, अण्णा, थर्मासला झाकण आहे ना प्यायला? लहान मुलासारखे हसले. "कपबशीच पाहिजे." म्हातारपण.

१६ ऑगस्ट, शनिवार. सकाळ

दहा वाजून वीस मिनिटं. लिहिलं नाही तर मी घरात फेऱ्या घालत बसेन.

आज गोकुळाष्टमीची सुट्टी. चिऊने मला स्कूटीवर मागे बसवून टेकडीकडे नेलं. येताना उतारावर तिने किल्ली फिरवली आणि स्कूटी बंद केली. "आई, सुन ना, सगळं ऐकू येतं!" खरंच. टेकडीवरची घंटा, पोपट, कुणाच्या तरी घरातलं भांडं पडलेलं. चाकांखालची वाळूसुद्धा.

मोर.

दगडासारखं पेडल. इंजिन बंद असलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, मग सगळं वजन माणसाच्या पायावर. स्टिअरिंगही जड. पोटरी, खांदे, लायनर. हे मला ठाऊक आहे. मी हे शिकवलं आहे, कॉलेजातल्या मुलांना, फळ्यावर आकृती काढून.

आणि कपबशी.

गणोजीला अकरा फोन केले. वाजतो, घेत नाही. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, कुणाचाही, माझाही. अण्णांचा फोन इथे खुंटीवर चार्जिंगला आहे. घाटाच्या अलीकडच्या वसतिगृहात फोन केला, ते पावणेदहाला निघाले. म्हणजे घाटाच्या तोंडाशी साडेदहा.

दहा अठ्ठावीस. वाजतो आहे.

दहा पस्तीस. वाजतो.

दहा एक्केचाळीस. आता वाजतही नाही.

१७ ऑगस्ट, रविवार. धार, इस्पितळ

दोघेही जिवंत आहेत. हे आधी लिहिते.

घाटातलं तिसरं वळण. पाऊस पडून गेलेला, समोर एक बस आडवी वळत होती. पेडल दाबलं तर हललं नाही. गणोजीने किल्ली फिरवली, इंजिन लगेच घेईना. उजवीकडे दरी होती. त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या चरात घातली. अण्णांच्या खांद्याचं हाड मोडलं. गणोजीच्या दोन बरगड्या आणि कपाळाला नऊ टाके. सत्तूची पोती पुढे येऊन केबिनच्या पाठीला टेकली, ती लोखंडी जाळीने थोपवली. जाळी मी जुलैत वजन कमी करायला काढणार होते. राहून गेलं होतं.

अण्णांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "सूनबाई, चहा सांडला."

मी रडू लागले तेव्हा म्हणाले, "त्यास बोलू नकोस. त्याच्या मनात नव्हते, मी बरोबर म्हणून इंजिन चालूच ठेवणार होता. मी म्हटले, गणोजी, एकदा दाखव. दोन वळणे काय उतरला! थेंब हलला नाही." मग छताकडे पाहत म्हणाले, "माझे चुकले."

पंचनाम्यात 'ब्रेक लागले नाहीत' एवढंच आहे. ते खरं आहे आणि पुरं नाही.

२० ऑगस्ट, बुधवार. देवास

गणोजीच्या घरी गेले. तो उठून बसू लागला, बसू दिलं नाही. त्याची बायको प्रियांका पाणी ठेवून आत गेली. ती माझ्याशी बोलत नाही.

मी विचारलं, "कधीपासून?"

"ते अण्णांनी आजोबांचं सांगितलं, त्याच्या पुढच्या शनिवारपासून. आधी नुसते सरळ उतार, धारच्या अलीकडचे. मग घाट."

"मला सांगायचं नाही?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विचित्र बोलले आहे. "सांगितलं की, ताई. मोर ऐकू येतात म्हणालो. पेडल दगड होतं म्हणालो. इंजिन चालू असताना पिकअपमध्ये मोर कुणाला ऐकू येईल? आणि तुम्ही तर फिजिक्सच्या. तुम्ही हसलात, छान म्हणालात. मला वाटलं, ताईंना पोचलं."

"मला ठाऊक असूनही मी गप्प बसले, असं वाटलं तुला?"

"वाईट अर्थाने नाही. आजोबा सांगायचे, सरकार कधी तोंडाने 'मोटार बंद कर' म्हणाले नाहीत. पेट्रोल उरलं की नुसतं 'वा' म्हणायचे. मोठी माणसं असं बोलत नाहीत, आपण समजून घ्यायचं." मग म्हणाला, "तुम्ही लाल खडू घेतलात."

चौथ्या सूचनेबद्दल सांगितलं. लिहिली होती आणि खोडली, त्याचा मान राहावा म्हणून. तो हसायला गेला आणि बरगडी धरून थांबला. "लिहायची होती ना, ताई. दहा काय नि नऊ काय, मी कुठे वाचणार होतो. पण तुम्ही तोंडाने म्हणाला असतात तर पुरे होतं."

२३ ऑगस्ट, शनिवार

राजवीरने गाडी उघडून पाहिली. सुरू होईल म्हणतो, तीन आठवडे लागतील. जाता जाता म्हणाला, "मॅडम, एक बात बोलूँ? नई गाडी है. घाट में गियर में रखो और पैर उठा लो तो डीजल अपने आप बंद हो जाता है. घाट में तो उससे बूंद भर नहीं बचा." मला हे माहीत नव्हतं. वाचलं ते आधीच्या लहान उतारांवर. घाटातलं सगळं फुकट होतं.

रात्रीपासून... नाही, खरं लिहायचं तर बुधवारपासून मी ही वही मागे जाऊन वाचते आहे. ३० जुलै. 'मोर फार झालेत.' 'मी हसले.' पुढे मी वेगाबद्दल लिहिलं आहे. २६ जुलै, 'कारण कळलं असतं.' म्हणजे कारण कळलेलं नाही हे मला तेव्हा ठाऊक होतं. आणि मी खडू उचलला. मला समजलं नव्हतं हे खरं आहे. समजून घ्यायची मला घाई नव्हती, हेही तितकंच खरं आहे.

२६ ऑगस्ट, मंगळवार

नारायणरावांना पत्र दिलं. २६ जुलैपासूनचे सगळे आकडे रद्द समजावेत, ते उतारावर इंजिन बंद ठेवून आलेले आहेत, जबाबदारी माझी. सुरक्षित चालवून लागतं ते ३२.६. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "बाई, हे लिहून कशाला दिलंत? अपघात झाला, नवीन मुदत मागितली असतीत तर मी दिली असती."

"मुदत मिळाली तरी आकडा तोच येईल."

"मग मला बंद करावं लागेल. सप्टेंबरअखेर."

"हो," म्हटलं.

बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले. दोन लिटर सहाशे. आमच्या घरच्या दुधाच्या पातेल्यात मावेल एवढं. एकशेचाळीस मुली आणि बाकी दोन वसतिगृहं. मी कुणाचा तरी मान राखायचा म्हणून एक ओळ खोडली, आणि आता हे पत्र लिहून स्वतःचा राखते आहे का? माहीत नाही. पण आकडा २९.४ ठेवला असता तर तो कुणीतरी पुन्हा पकडला असता. गणोजी नाही तर दुसरा.

१७ सप्टेंबर, बुधवार

गणोजी आज पुन्हा चाकावर बसला. मी शेजारी. प्रियांका दारापर्यंत आली आणि मला म्हणाली, "ताई, तुम्ही रोज जाणार का बरोबर?" म्हटलं, खालची फेरी आहे तोवर, हो. तिने गणोजीचा डबा माझ्या मांडीवर दिला.

घाटाच्या तोंडाशी त्याने गाडी थांबवली. माझ्याकडे पाहिलं. मी समजून घे म्हणून गप्प बसले नाही. तोंडाने म्हटलं, "दुसरा गिअर. इंजिन बंद करायचं नाही."

"हो, ताई."

सगळा घाटभर इंजिन कोकलत होतं. खिडक्या थडथडत होत्या, बोलायचं तर ओरडावं लागत होतं. तिसऱ्या वळणावर चरात अजून काचेचा चुरा चमकत होता. गणोजीने तिकडे पाहिलं नाही. त्याचा पाय पेडलवर अगदी हलका होता, मी सारखी त्या पायाकडेच पाहत होते.

"मोर असतील इथेच," तो ओरडून म्हणाला.

"असू देत!"

निसरपुरला पोती उतरवली. वॉर्डनबाईंना मीच सांगितलं, फोनवर सांगायचं नव्हतं. त्यांनी विचारलं, कारण काय? सगळं सांगितलं, माझ्या भागासकट. त्या पोत्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "शेवटच्या फेरीला थोडं जास्त आणा." तीन फेऱ्या उरल्या आहेत.

परत येऊन टाकी भरली. गणोजी फळ्यासमोर उभा राहिला, खडू माझ्या हातात. "आज नका लिहू, ताई."

लिहिला. ३२.८. पांढऱ्या खडूने. आणि त्याच्याखाली खोडलेली चौथी ओळ लिहिली, आणि तो समोर असताना मोठ्याने वाचून दाखवली.